पान तीनशे बारा, 'जत्रा'

तीर्थरूप आत्येस,

साष्टांग नमस्कार. (खरोखर आडवा पडून घातला आहे. उठताना पाठीत उसण भरली.) तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे. पण मी मजेत नाही. प्रकाशनाच्या दिवशी तू आमचा शब्दकोश उघडलास, वाचलास, मिटलास आणि चहा न घेता निघून गेलीस, त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. तू आणि चहाला नाही! फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

झालं ते असं. कोशातला 'ज' माझ्याकडे. 'जत्रा'चा अर्थ मी नीट लिहिला होता : पुष्कळ माणसांनी हौसेने एका जागी जमणे. घोडं अडलं ते उदाहरणावर. आमच्या संपादकबाईंना (त्या चष्म्यावरून बघतात तेव्हा माणसाला स्वतःचं आडनावही अशुद्ध वाटतं) जिवंत वाक्य हवं असतं. माझी सात वाक्यं त्यांनी मेलेली ठरवली. सातव्यांदा कागद परत आला तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी समासात शिसपेनीने खरडलं, 'आत्या आली की घराची जत्रा होते.' खोडणारच होतो गं! पण जेवणाची सुट्टी झाली. डबा खाऊन परत येतो तो वाक्य मंजूर होऊन छपाईला गेलेलं! पुढे मुद्रितं तिघांनी तपासली, एकालाही त्यात चूक सापडली नाही.

बरं, जगात आत्या काय कमी आहेत? कुणाला कळलंही नसतं. पण तू प्रकाशनाला अकरा माणसं, दोन तान्ही बाळं आणि पिंजऱ्यातला पोपट घेऊन आलीस, आणि अख्खं कार्यालय वळून माझ्याकडे बघायला लागलं. तू आलीस की गाद्या पुरत नाहीत, न्हाणीघराला रांग लागते, असं मी कुरकुरत आलोय, कबूल. पण ते छापून यावं?

तुझा अपराधी भाचा

ता. क. शुद्धिपत्र निघतंय. बाई 'आत्या' काढायला तयार आहेत, त्या जागी 'सासूबाई' चालेल का विचारतात. (बायको शेजारीच बसली आहे.)

ता. क. २ : सुट्टी लागून नऊ दिवस झाले, तू आली नाहीस. न्हाणीघर सकाळी सातलाही मोकळं असतं. मला सहन होत नाही. काल बाईंनी पुढच्या खंडातल्या 'शुकशुकाट'ला उदाहरण मागितलं. मी लिहिलं, 'आत्या रुसली आणि घरात शुकशुकाट झाला.' पहिल्या फेरीतच मंजूर! तो खंड सोमवारी छापायला जातोय. रविवारपर्यंत सगळ्यांना घेऊन ये, म्हणजे मला ते खोडावं लागेल. पोपटालाही आण.