रजा मिळाली होती

१४ जून, रविवार दुपार

प्रिय ताई,

मी बरी आहे. खोलीतला पंखा एकदाचा दुरुस्त झाला, पण घरमालकीणबाईंनी अर्धा खर्च माझ्या माथी मारलाच. प्रयोगशाळेत मला कायम केलं. पाण्याचे नमुने तपासले की अहवालावर आता माझी सही चालते. तुझे टाके ओढ घेतात का अजून? ऑपरेशनला चार महिने झाले म्हणून तासन् तास शिलाई मशीनवर बसत जाऊ नकोस.

पत्र बघून दचकली असशील. फोनवर जमत नाही गं. मी काही सांगायला तोंड उघडते, तू "जेवलीस का" म्हणतेस आणि मी सुटते.

एवढं लिहून उठले आणि धुतलेले कप परत धुवून आले. असंच चाललंय सकाळपासून.

माझ्या खोलीत राहणारी ती महाराणी तुला माहीतच आहे. चपलांच्या दुकानात काम करते, पगार वीस तारखेलाच संपवते आणि वर ऐटीत असते. ती राहायला आली त्याच महिन्यात मी सावध झाले. तिने काही मागायच्या आतच सांगून टाकलं, "माझ्याकडे महिनाअखेर दमडी उरत नाही." तूच शिकवलंस ना, पगार हातात आला की आधी बाजूला काढायचं, मग खर्चाचं बघायचं. तीन महिने नोकरी नसली तरी भागेल एवढे अडीअडचणीसाठी साठवायचे. मी साठवत होते. बसऐवजी चालत जायचे, बुटाला भोक पडलं तर आत पुठ्ठा घालायचे. बँकेतला आकडा दिवसातून दोनदा बघायचे, लोक आरशात बघतात तसा.

गेल्या महिन्यात मी जिन्यात चक्कर येऊन पडले. अंगात ताप होता. तुला "थोडी सर्दी झाली होती" असं सांगितलं, ते खोटं. महाराणीने मला टॅक्सीत घातलं, दवाखान्यात नेलं, सलाइन, तपासण्या, औषधं सगळं केलं. पैसे कुठून आणलेस विचारलं तर म्हणाली, "झाली सोय. तुझ्याकडे कुठून असणार?" मी गप्प बसले. पुढच्या रविवारी ती सकाळीच तयार होऊन निघाली, तेव्हा कळलं. तिने मालकाकडून उचल घेतली होती आणि त्याबदल्यात चार रविवार कामावर यायचं कबूल केलं होतं.

दुसऱ्या रविवारी ती गेली तेव्हाही मी गप्पच होते. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी ती सुजलेले पाय बादलीत बुडवून बसली होती. मी माझा फोन तिच्यापुढे धरला, बँकेतला आकडा दाखवला.

तिने फोन हातात घेतला. "हे तेव्हाही होते?"

"होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तापात होते मी."

"ताप दोन दिवसांत उतरला होता," ती म्हणाली.

तिने झालेला खर्च तेवढा घेतला, वर काही घेतलं नाही. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसली. "पगार झाला की बाजूला कसे टाकतेस, ते मला दाखव. पण तुझ्यासारखी मी होणार नाही." मी दाखवलं. आज तिचा चौथा रविवार. मालकाला पैसे परत केले तरी तो म्हणाला, ठरलं ते ठरलं. म्हणून खोली रिकामी आहे, आणि म्हणून हे पत्र लिहिता येतंय.

ताई, महाराणीचं सांगायला मी पत्र लिहीत नाहीये. ते मी फोनवरही सांगू शकले असते.

तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मला रजा मिळाली होती.

साहेब स्वतः म्हणाले होते, "बहिणीचं ऑपरेशन आहे ना, चार दिवस जा." पिशवी भरली होती. साधी तिकिटं संपली होती, जे होतं त्याला अर्ध्या महिन्याचा पगार गेला असता. आणि माझे तीन महिन्यांचे पैसे पुरे व्हायला एकच हप्ता उरला होता. मी खाटेवर बसून हिशेब केला. पित्ताशयातले खडे काढायचं ऑपरेशन, रोज कितीतरी होतात, ताई खंबीर आहे. मग तुला फोन केला की साहेब रजा देत नाहीत. तू म्हणालीस, "बरं झालं, भाडं वाचलं. येऊच नकोस, नोकरी जप." दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि साहेबांना सांगितलं की ऑपरेशन पुढे गेलं. ते अजून मधूनमधून विचारतात, "तारीख मिळाली का?" मी नमुन्यांच्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करते.

अडीअडचणीसाठी साठवत होते आणि अडचण आली तेव्हा मी ती ओळखलीच नाही. मला वाटायचं, अडचण म्हणजे माझी.

शेजारच्या काकूंनी दवाखान्याच्या कागदावर सही केली आणि नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिलं, हे तू मला हसत सांगितलंस. मीही हसले होते. आई-बाबा गेल्यावर त्या रकान्यात लिहायला तुला एकच माणूस होतं. माझ्या कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर त्या जागी तुझी सही आहे.

तू म्हणशील, वेडे, मीच नको म्हटलं होतं. तसं म्हणू नकोस. तुझ्या नको म्हणण्यामागे मी लपले होते.

येत्या शुक्रवारी येते आहे. तिकीट काढलंय, ते परत होत नाही, तेव्हा भाड्यावरून बोलू नकोस. साहेबांना उद्या खरं सांगणार आहे, मग ते रजा देवोत नाहीतर बिनपगारी धरोत. रागवायचं असेल तर समोर रागव, मी चार दिवस आहे.

एक गोष्ट मी तुला आजवर विचारलेली नाही. आत नेलं तेव्हा तुला भीती वाटली होती का? आल्यावर विचारीन, तेव्हा हसून टाळू नकोस.

त्या दिवशी तुझ्याजवळ असायला हवी होती ती,
तुझी धाकटी