डॉ. बेलारोंची शोकसभा आणि तुमचे बंधुराज

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, दुपार

ती. वन्संना भानुमतीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वैद्यांनी दिलेलं तेल तुम्ही खरंच लावता की खिडकीत ठेवून त्याच्याकडे नुसतं बघता, हे आधी कळवा. इकडे आम्हा दोघांच्या तब्येती ठीक आहेत. अब्रूचं तेवढं विचारू नका.

त्याचं असं झालं. गेल्या महिन्यात कोरामा नावाच्या बेटांच्या देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष डॉ. बेलारो एक्क्याण्णवाव्या वर्षी वारले. (कोरामा कुठे आहे ते मला विचारू नका. नकाशावर बोट ठेवलं की सबंध देश बोटाखाली जातो.) शहाऐंशी साली हे गृहस्थ तीन दिवस इथे आले होते आणि सरकारने त्यांच्या दिमतीला तुमच्या बंधुराजांना दिलं होतं, हे तुम्ही जाणताच. आमच्याकडे सिलिंडर आणणारा माणूसही जाणतो. पेपरात चार ओळींची बातमी आली. ह्यांनी ती वाचली, चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "चारच ओळी?" मग दुपारचं जेवणही नको म्हणाले. मला वाटलं, पित्त झालं असेल.

दुसऱ्या दिवशी हे सोसायटीचे अध्यक्ष मुरलीधरजी यांच्याकडे छोट्याशा शोकसभेची परवानगी मागायला गेले. आता हा मनुष्य लिफ्टमधला पंखा बदलायलासुद्धा तीन मीटिंगा घेतो; पण ह्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत "बिल्कुल, बिल्कुल" म्हणाला, आणि वर नुसती सभा कशाला, आपण स्मृतिउद्यानच करू, एम्बसीचा माणूसही बोलावू, असं स्वतःच सुचवलं. हे गहिवरून घरी आले. खरं कारण मला भाजीवाल्याकडे कळलं. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या मधोमध सरकारी जमिनीची एक पट्टी आहे, आठ गाड्या लागतील एवढी, आणि दोन्ही सोसायट्या तिच्यावर सहा वर्षं डोळा ठेवून आहेत. परदेशी नेत्याच्या नावाचा बोर्ड लागला की तो काढायला कोण धजणार? उद्यानात चार कुंड्या, आणि कुंड्यांच्या कडेने गाड्या. इतका सोयीचा मेलेला माणूस पुन्हा मिळाला नसता. मी हे ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, तुला सगळ्यात पार्किंगच दिसतं.

हे आठ दिवस आरशासमोर भाषण घोकत होते, म्हणून फोटोचा बॅनर मुरलीधरजींनी करवला. गेल्या रविवारी पट्टीवर बोर्ड लागला आणि सभेला साठ माणसं जमली. (खाली समोशांचा वास सुटला होता.) एम्बसीतून सचिव आले, तिशीतला घाबरट मुलगा. फोटोवरचा पडदा सरकवला, हार घातला, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवायच्या नसतात हे मागाहून आठवून लोक गप्प झाले. फोटोत छातीभर पदकं लावलेला, मोठ्या मिशांचा लष्करी गृहस्थ होता. डॉ. बेलारो शाळामास्तर होते, वन्सं, आणि त्यांना मिशी नव्हती. हा तो सेनापती होता, ज्याने त्यांना खुर्चीवरून ओढून अकरा वर्षं तुरुंगात टाकलं. बॅनरवाल्याने नेटवर कोरामाचा राष्ट्राध्यक्ष शोधला आणि जो चेहरा आधी दिसला तो छापला.

सचिवाने अर्थातच ओळखलं. पण त्या सेनापतीचा मुलगा सध्या तिकडे राज्य करतो. त्यामुळे सचिव बिचारा फोटोसमोर दोनदा वाकला, आणि त्याच्या मदतनिसाने दोन्ही वेळा फोटो काढला. हे मुरलीधरजींच्या कानाशी लागले. त्यांचं उत्तर चालू माइकमधून सगळ्यांनी ऐकलं: "खंडेरावजी, आज चला लो, बाद में बदल देंगे।"

ह्यांनी चालवून घेतलं नाही. पुढे गेले, हार काढला आणि म्हणाले, "ये वो नहीं हैं। इन्होंने तो उन्हें ग्यारह साल जेल में रखा।" हार ठेवायला दुसरा फोटो नव्हता, म्हणून एका रिकाम्या खुर्चीला घातला. घोकलेलं भाषण खिशातच राहिलं. त्या दौऱ्यात आग्र्याला जाताना फरीदाबादपाशी गाडी बंद पडली, साहेब लोक ड्रायव्हर दामूला तिथेच सस्पेंड करायला निघाले, तेव्हा ह्या पाहुण्याने दुसऱ्या गाडीत बसायला नकार दिला, दामूशेजारी ढाब्याच्या बाजेवर बसून चहा प्यायला आणि चूक ड्रायव्हरची नाही असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं, एवढंच सांगितलं. दामूची नोकरी टिकली. ऐकायला अकरा माणसं उरली होती. बाकीची समोशांकडे गेली. मी तिसऱ्या रांगेत होते. चाळीस वर्षं मी त्या दौऱ्याची चेष्टा केली, पण दामूची गोष्ट मलाही तेव्हाच कळली. घरी कधी पुरतं ऐकून घेतलंच नव्हतं.

सचिव चहा न घेता गेला. सोसायटीची प्रतिमा मलिन केल्याबद्दल ह्यांना कमिटीची नोटीस आली आहे. लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही, त्यामुळे तेवढी शांतता मिळते.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
भानुमती

ता. क. सोमवारी सरकारी माणसं येऊन बोर्ड उचलून घेऊन गेली. शेजारच्यांनी त्याच पट्टीवर रातोरात तुळशीवृंदावन बांधलं आहे. ते कुणाला हलवता येतंय ते बघू.

ता. क. २. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. तुमच्या सुरुचीच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं, त्याला मार्गशीर्षात चार वर्षं होतील, आणि तेव्हापासून तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही. चूक छापखान्याची की तुमची, हे मला जाणून घ्यायचं नाही. हे पंच्याहत्तरीचे, तुम्ही ऐंशीच्या. पुढे हारबीर पडतीलच; पण हार कुणाला घातला हे बघायलाही लोक थांबत नाहीत, ते मी सभेत पाहिलं. तेव्हा आत्ताच फोन करा.

ता. क. ३. दुपारी चारला करा. तेव्हा मी मुद्दाम भाजीला खाली जाते. तुमच्याशी बोलताना त्यांना रडू आलं, तर घरात कुणी नसलेलं बरं.