भावजींनी काढून घेतलेले शॉक

अहो, ऐकलंत का,

आज लोहारद्याहून धारला परत आले. हात राखेने घासले, तरी नखांतलं ग्रीस निघत नाही. तशाच हातांनी लिहायला बसले आहे. तुमच्या घरच्या माणसांबद्दल तुमच्याशिवाय कुणाशी बोलू? आणि बोलले नाही, तर ही किळस पोटात तशीच राहील.

मला फार बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून झालं तसं सांगते.

इथे धारच्या घरी तुम्ही विषमज्वराने गेलात, पण तुमचे दिवस देवासला झाले. थोरले भावजी म्हणाले, "आपलं घर तिथं आहे. लोक काय म्हणतील?" बाराव्याला दानं झाली. पुढच्या वाटेवर तुम्हाला ऊन लागू नये म्हणून छत्री, काटे बोचू नयेत म्हणून जोडे, निजायला खाट. इथे गुरुजींना द्यावं ते तिथे तुम्हाला पोचतं, असं तुमच्या घरचे सगळे मानतात.

आणि मानून दिलं काय? छत्रीची काडी मोडलेली. खाट अशी, की माझ्या शाळेतली मुलगीसुद्धा पाय दुमडून निजेल. जोडे तर अगदीच अरुंद. तुमचा पाय केवढा! मी जाऊबाईंना हळूच म्हटलं, "अहो, हे यांना व्हायचे नाहीत."

"दानाचेच तर आहेत गं," त्या म्हणाल्या. "घालून कोण बघतंय?"

तुम्ही बघणार होता ना?

मग वाहनाच्या दानाची गोष्ट निघाली. तुमच्या आजोबांच्या बाराव्याला त्या घरातून घोडा दिला होता, हे भावजी प्रत्येकाला सांगत होते. संस्थान विलीन झालं, पण ऐट कुठे विलीन होते! "आता घोडा नाही, तर मोटारसायकल देऊ," म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. वाटलं, बरं झालं, आपली गाडी तुमच्याबरोबर येते आहे. पायी जावं लागणार नाही.

आठवतं का, घेतलीत तेव्हाच ती गाडी म्हातारी होती. मागच्या चाकाला नुसत्या दोन स्प्रिंगा. खड्डा एक आणि उड्या तीन! डहीच्या रस्त्याच्या कामावर जाऊन आलात, की तुम्ही उपडे पडायचात आणि मी पाठ शेकत बसायची. ओव्हरसियरची पाठ त्याच्याच रस्त्यांनी मोडावी, याचं तुम्हाला हसू यायचं. मला येत नव्हतं.

शेवटी इंदूरहून ते धक्के गिळणारे तेलाचे शॉक आणलेत, कुठल्याशा ठोकलेल्या नव्या गाडीचे. त्यांची भोकं मोठी आणि आपले बोल्ट बारीक. पितळेच्या नळ्या कातून घेऊन मध्ये बसवल्यात. मग गाडी मागून बोटभर उंच झाली आणि स्टँड जमिनीला पुरेना, तर स्टँडच्या पायांना लोखंडाचे तुकडे जोडलेत. कितीदा लावलेत आणि कितीदा काढलेत! मी पाने हातात देत होते. कुठला पाना मागणार, ते मला तुमच्याआधी कळायला लागलं होतं.

पहिल्यांदा मला मागे बसवून किल्ल्याखालून चक्कर मारलीत. "लागलं?" "नाही." "भिडेखातर सांगू नकोस हं." "अहो, पण रस्त्यातली मोरी गेली का? मला कळलंच नाही!" तुम्ही भर रस्त्यात गाडी थांबवून हसलात. कोपऱ्यावरचे मिस्त्री ओरडले, "भिया, अब तो भाभी के हाथ में चाय की कप-बशी दे दो!"

तर बाराव्याला मी आतल्या खोलीत होते. लोहारद्याच्या गुरुजींचे जावई गाडी न्यायला आले होते. हार घातलेली गाडी फाटकाबाहेर निघाली आणि मोरीवर आपटली. एकदा, पुन्हा, पुन्हा. मी जागच्या जागी ओळखलं. हा आपल्या गाडीचा आताचा आवाज नव्हता. जुना होता!

दुसऱ्या दिवशी तेराव्याचं गोड जेवण. अंगणात भावजींची मोटारसायकल उभी होती, तुमच्या गाडीसारखीच जुनी. तिच्या मागच्या चाकाला आपले शॉक. पितळेच्या नळ्या उन्हात चमकत होत्या.

मी पंगतीत गेले. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहून बोलले. "भावजी, ते शॉक यांचे आहेत."

"होते," ते म्हणाले. "अगं, गाडी द्यायची, ती दिली. त्याने जुन्या स्प्रिंगा जपून ठेवल्या होत्या, त्या लावून दिल्या. गुरुजी बैलगाडीत बसणारा माणूस, त्यांना काय कळतंय?"

"पण गुरुजींना दिलं ते यांना पोचतं ना?"

"पोचतंच!"

"मग यांना काय पोचलं?"

भावजींनी श्रीखंडाचं बोट चाटलं. "कुमुद, त्याला आता पाठ कुठे आहे?"

दोघंतिघं हसले. त्या श्रीखंडाच्या वासाची मला शिसारी आली, ती अजून गेली नाही. मी स्वतः हे सगळं मानते की नाही, मला ठाऊक नाही. पण ते मानतात! मानून, सोवळं नेसून, हात जोडून त्यांनी तुम्हाला फसवलं. न मानणारा असता, तर त्याला चोर म्हणून मी विसरून गेले असते.

आणि तुम्हीही कमी नाही. त्यांनी काहीही उचललं, की "राहू दे, दादा आहे तो." घ्या आता!

तुमची हत्यारांची पिशवीही त्यांनी ठेवून घेतली होती. ओसरीवरच होती. मी पदर खोचला आणि पंगत उठायच्या आत शॉक काढायला बसले. नट नुकते बसवलेले, लगेच सुटले. भावजी खरकट्या हाताने धावत आले. "अगं, लोक बघताहेत!" मी म्हटलं, "बघू देत." त्यांनी रागाने गाडी स्टँडवरून ओढली, तर ती म्हशीसारखी मागून मटकन बसली. रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं, "भिया, आपकी तो बैठ गई!" मला हसू आलं नाही. आता लिहिताना थोडं येतंय.

शॉक गोणपाटात बांधले आणि आज मोटारीने लोहारद्याला गेले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग मागच्या खोलीचं दार उघडलं. न उघडणाऱ्या छत्र्या, आखूड खाटा, अरुंद जोडे यांचा ढीग छतापर्यंत! किती घरची माणसं अशी फसवून पाठवलेली!

"मला नवीन नाही हो, बाई," गुरुजी म्हणाले. "पुण्य मात्र सगळ्यांना पुरतं लागतं."

मला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन मी गाडीला शॉक लावले. जावयांनी चाक उचलून धरलं. गुरुजी धोतर सावरून मागे बसले आणि देवळापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "पोचलं हो. मी सांगतो ना, आता पोचलं."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तुमचं वर्षश्राद्ध मी धारला, आपल्या घरी करीन. गुरुजी येतो म्हणाले आहेत. भावजींनाही बोलावीन, पोटभर वाढीन. पण दानाची प्रत्येक वस्तू मीच आणीन आणि आधी महिनाभर घरात वापरून बघीन. जी मला चालणार नाही, ती तुम्हाला पाठवणार नाही. शब्द देते.

तुमची,
कुमुद