डावीकडच्या खुर्चीचा विषय

६ जानेवारी, सोमवार

अखेर पत्र आलं! नवी तीन वर्षांची पदवी, विषय ‘घर’. नुसतं घर! चार विभागांनी मिळून शिकवायचं — भूगोल, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि आम्ही, म्हणजे इतिहास. अभ्यासक्रम फेब्रुवारीअखेर तयार पाहिजे. समितीत प्रत्येक विभागाचा एक जण. इतिहासातून मी.

पत्रात जे नाही ते अधिष्ठात्यांनी तोंडी सांगितलं. शिक्षकांच्या नव्या जागा मिळणार नाहीत. म्हणून चारपैकी एका विभागाची स्वतंत्र पदवी बंद, आणि त्याच्या जागा ‘घरा’कडे. कोणता विभाग, ते सगळं झाल्यावर जाहीर करणार. जाहीर कशाला करायला हवं? पहिल्या वर्षाला आमच्याकडे अठरा मुलं. विभागात आम्ही दोघं — मी, आणि आठ महिन्यांपूर्वी लागलेली नवी मॅडम. मला फार तर कुठेतरी संवादकौशल्य शिकवायला बसवतील. तिला घरीच बसवतील.

ही म्हणाली, “समितीत आहात ना? मग दामटा की आपलं घोडं पुढे!” बावीस वर्षांच्या संसारात हिचा सल्ला इतका तंतोतंत पहिल्यांदाच पटला.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली बैठक, भूगोलाच्या नकाशाखोलीत. अध्यक्ष भूगोलाच्या बाई. भूगोल म्हणजे एकखांबी तंबू — कायम प्राध्यापक त्या एकट्याच. नकाशांच्या कपाटांना रंगसुद्धा त्यांनीच दिलाय म्हणतात. भौतिकशास्त्राचे सर आले. मुलं त्यांना ‘पारा’ म्हणतात, चटकन चढतो म्हणून. अर्थशास्त्राची आमच्या सगळ्यांत लहान, तिला मी इथे धाकटीच म्हणणार.

मी सात पानांचं टिपण नेलं होतं — इतिहास का अत्यावश्यक! पिशवीतून काढतोय तोच बाईंनी नियम सांगितला. “या खोलीत कुणी आपल्या विषयासाठी बोलायचं नाही. डावीकडच्या खुर्चीतल्या माणसाच्या विषयासाठी बोलायचं. आणि त्यासाठी तो शिकून यायचं.”

पारा चढला. “हा काय पोरखेळ आहे?”

“आहेच,” बाई म्हणाल्या. “मोठ्यांचा खेळ गेली तीस वर्षं चाललाय. त्यातून काय निघालं?”

तर, माझ्या डावीकडे पारा. माझ्या वाट्याला भौतिकशास्त्र! पाऱ्याच्या वाट्याला अर्थशास्त्र, धाकटीच्या वाट्याला भूगोल. बाईंच्या डावीकडे मी. मी टिपण परत पिशवीत घालायला लागलो तर बाईंनी हात पुढे केला. “ते द्या सर. मला लागेल.”

म्हणजे आमच्या विभागाचं नशीब आता दुसऱ्याच्या तोंडी. हिला सांगितलं. तिने माझ्यासमोरचा भरलेला चहाचा कप उचलून नेला.

१५ जानेवारी, बुधवार

पाऱ्याच्या प्रयोगशाळेत दोन तास. शाळेत या विषयाच्या धास्तीने तर मी इतिहासात आलो!

त्यांनी विटांची हातभर भिंत रचून ठेवलीय. एका बाजूला मोठा दिवा, दोन्ही बाजूंना तापमापक. “ऊन पडलं की भिंत काय होते?” मी म्हटलं, गरम होते. “कधी?” आता कधी म्हणजे? लगेच! पारा चढेल असं वाटलं. नाही चढला. त्यांनी सकाळपासूनचे आकडे दाखवले. बाहेरची बाजू तापल्यावर आतली तापायला कित्येक तास गेले होते. दुपारचं ऊन घरातल्यांना संध्याकाळी लागतं.

विटांवरून हात फिरवत बोलत होते, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. या माणसाला मी सोळा वर्षं फक्त स्टाफरूममध्ये पंख्यावरून भांडताना पाहिलंय. लाज वाटली. आणि सांगायलाच हवं, मजा आली!

१६ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी आमच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघितला. गरम! दुसरा हात लावला, मग गाल. ही म्हणाली, “बरं वाटत नाहीये का?”

२३ जानेवारी, गुरुवार

बाईंची कल्पना अशी, की चार-चार विद्यार्थ्यांना एकेक खरं घर द्यायचं. तीन वर्षं तेच. म्हणून आज आम्हालाच एका घरी नेलं. कॉलेजच्या मागची जुनी वसाहत, तळमजला. घरात निवृत्त प्लंबर आणि त्यांची बहीण. स्वयंपाकघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, बारा महिने.

प्लंबरकाकांनी विचारलं, “सांगा बघू, ओल कुठून येते? पाइप सगळे माझ्या हातचे आहेत, त्यांना बोल लावायचा नाही.”

आम्हाला काय, निमित्तच पाहिजे! पारा म्हणाले, वाफ थंड भिंतीवर धरते. धाकटी म्हणाली, भाड्याचं घर, मालक कशाला दुरुस्त करतोय. मी म्हटलं, चुन्याचं जुनं बांधकाम आहे, पाणी शोषणारच. बाई म्हणाल्या, सगळ्या गल्लीचा उतार इकडेच आहे. नियम सगळेच विसरलो होतो, बाईसुद्धा!

काका शांतपणे म्हणाले, “म्हणजे चौघांचंही बरोबर. आणि ओल आहे तिथेच.”

त्यांच्या बहिणीला हसू आवरेना. बाई सगळ्यात मोठ्याने हसल्या. परतताना म्हणाल्या, “आपल्या पदवीची प्रस्तावना झाली ही.” असं स्वतःवर हसता येणारा अध्यक्ष मी आजवर पाहिलेला नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आज एक काम केलं. कसं लिहू?

नवी मॅडम सकाळी म्हणाली, “सर, घराचं कर्ज घेऊ का आता, की थांबू?” मी थांब म्हटलं, आणि दिवसभर मला काही सुचेना. दुपारी भूगोलाच्या वर्गावरून गेलो, दारातून मुलं मोजली. सतरा! आमची अठरा. खाली येऊन अधिष्ठात्यांना चिठ्ठी लिहिली. भूगोलात सतराच विद्यार्थी, प्राध्यापक एकच, तेव्हा बंद करायचाच झाला तर त्याचा विचार व्हावा. सही करून शिपायाच्या हाती दिली.

ज्या बाई माझ्या विषयाची वकिली करणार, त्यांचाच गळा. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

हिला सांगितलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज बाई इतिहासासाठी बोलल्या.

मला वाटलं होतं, माझी सात पानं वाचून दाखवतील. पानं काढलीसुद्धा नाहीत. गेले तीन दिवस तास संपल्यावर त्या आमच्या नव्या मॅडमला घेऊन नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात बसल्या होत्या. मला पत्ताच नाही! तिथून प्लंबरकाकांच्या घराच्या बांधकाम परवानगीची नक्कल आणली होती, सत्तर वर्षांपूर्वीची. टेबलावर पसरली. तिरक्या अक्षरात लिहिलेलं — विहीर बुजवून त्यावर बांधकाम करण्यास हरकत नाही.

विहीर! ओलीच्या भिंतीखाली बरोबर.

“माझ्या उताराच्या नकाशाने हे कधीच सांगितलं नसतं,” बाई म्हणाल्या. “ज्याला दप्तर वाचता येत नाही त्याच्या हाती घर देऊ नये. इतिहास तिन्ही वर्षं सक्तीचा हवा.” आणि दप्तरात कागद शोधायचा कसा, खाडाखोड ओळखायची कशी, हे त्या पुढची वीस मिनिटं असं सांगत होत्या की मी स्वतः आजवर वर्गात कधी सांगितलेलं नाही. पारा एकदाही मध्ये बोलले नाहीत.

चोराच्या मनात चांदणं. बाई दर वेळी माझ्याकडे बघायच्या आणि मी खिडकीकडे बघायचो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फजिती! तीन वर्षांचे मिळून श्रेयांक एकशेवीस बसतात. धाकटीने आज बेरीज केली. एकशेएक्कावन्न!

कारण साधं. आपल्यासाठी मागताना माणूस लाजतो, निदान घासाघीस तरी होते. इथे जो तो शेजाऱ्याच्या पानात वाढत होता, आणि शेजाऱ्याला नको म्हणवत नव्हतं. मी पाऱ्यांना एक अख्खी भिंतींची प्रयोगशाळा देऊन बसलो होतो, पाऱ्यांनी धाकटीला दोन सर्वेक्षणं. मांडवात सगळेच वाढपी, जेवायला कुणी नाही!

बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “चूक माझ्या नियमाची. आता उलटा नियम. कापायचं ते फक्त आपल्याच विषयातलं. पुढच्या गुरुवारी.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एकतीस श्रेयांक कापायचे. पाऱ्यांनी सात कापले, प्रत्येकाला एक शिवी घालून. धाकटीने सहा. मी सहा. माझ्या नावडीचे नव्हेत, आवडीचे सहा. माझ्याच्याने एवढंच प्रायश्चित्त झालं.

उरले बारा. बाईंनी पेन्सिल घेतली आणि भूगोलातले बाराच्या बारा खोडले. नकाशावाचनाचा एक पेपर तेवढा राहिला.

धाकटीचे डोळे भरून आले. पाच आठवडे ती भूगोल शिकलीय, त्यासाठी भांडलीय. “बाई, असं नका करू ना! मी इतकं काय चुकीचं बोलले?”

“वकील म्हणून तू पहिली आलीस गं,” बाई म्हणाल्या. “पण कात्री माझ्या हातात आहे.”

पारा उठून खिडकीपाशी गेले. एवढा मोठा माणूस नाक पुसत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

राहवेना. सकाळीच नकाशाखोलीत गेलो. बाई नकाशे झटकून गुंडाळत होत्या. उभ्या-उभ्याच सांगून टाकलं — चिठ्ठी, सही, सगळं.

“सतरा नाहीत, एकोणीस आहेत,” बाई म्हणाल्या. “दोन मुली त्या दिवशी सामन्याला गेल्या होत्या. इतिहासवाल्याने हजेरीपट न बघता दारातून डोकी मोजावीत?”

मी म्हटलं, “तुम्ही वाचलीत?”

“समितीचा प्रत्येक कागद अध्यक्षाकडेच येतो ना सर. त्याच संध्याकाळी आली.”

त्याच संध्याकाळी. म्हणजे अठ्ठावीसला! आणि तीसला त्या इतिहासासाठी उभ्या राहिल्या. त्यांनी नकाशाचं एक टोक माझ्या हातात दिलं. “धरा, ताठ धरा.” अकरा नकाशे गुंडाळले आम्ही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, “त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा. पण वाढायला मी घेते, तुमचा भरवसा नाही.”

५ मार्च, बुधवार

विद्वत्सभेत पदवी मंजूर! एकमताने! धाकटीने पाऱ्यांना मिठी मारली, पारा थिजले. प्लंबरकाकांना पाहुणे शिक्षक म्हणून नेमायचं, हेही मंजूर — ही मागणी पाऱ्यांची, आणि पहिल्याच वाक्याला चढलेल्या आवाजात.

नवीन जागा मात्र नाहीतच. कोणता विभाग बंद, ते सोमवारी. नवी मॅडम दिवसभर माझ्या आसपास घोटाळत होती. काय सांगू तिला? इतक्या सुंदर गोष्टीत हात लागला माझा, आता जे होईल ते होवो — हे मी म्हणू शकतो. तिने का म्हणावं?

१० मार्च, सोमवार

भूगोल बंद.

धावत शैक्षणिक कार्यालयात गेलो. माझ्या चिठ्ठीने झालं का, एवढंच बघायचं होतं. कारकुनाने फाइल पुढे सरकवली. तळाचा पहिला कागद, बाईंचं पत्र. तारीख ३० डिसेंबर, समिती नेमण्याआधीची.

“कल्पना माझी आहे, तेव्हा बंद करायचा विभाग भूगोल असावा. भूगोलाची जागा एकच मिळेल, कमी पडणारे तास मी घेईन. समितीला हे शेवटपर्यंत कळू देऊ नये. कळलं तर सगळे माझ्या विषयाशी जपून वागतील आणि पदवी बिघडेल.”