येशूचा उदो

आण्णा,

तुमच्या लेकीचा नमस्कार. बाप्तिस्मा घेतल्यापासून तुमी माझ्याशी बोलत न्हाय, म्हणून लिहून सांगते. रविवारी जळकोटच्या चर्चमधी मला पहिल्यांदा गायला उभं केलं. गाणं येशूचं, मीच जुळवलेलं, पण चाल तुमच्या आराधी मेळ्यातल्या देवीच्या गाण्याची. तारण झालेल्या माणसाचा आनंद दबक्या आवाजात निघतच न्हाय, म्हणून तुमी शिकवल्यावानी बेंबीपासून सूर लावला. शेवटाला सवयीनं तोंडातून गेलं, "येशूचा उदो, उदो." पास्टर माझ्याकडं बघायले. मी काय मान खाली घातली न्हाय. मग मागून एक म्हातारी "उदो" म्हणली, अन् सगळं चर्च उदो उदो करू लागलं.

बाहेर त्या म्हातारीनं इचारलं, "कुणाची लेक गं तू?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "तुळजापूरच्या बब्रुवान आराध्याची."

हे पत्र तुम्हाला थोरला भाऊ रामहरीच वाचून दाखवणार, अन् येशूचं नाव आलं की तिथंच थांबणार. म्हणून धाडत न्हाय. सगळं सोडून गेली म्हणता, आण्णा. आवाज कुठं सोडला?

तुमचाच गळा घेऊन गाणारी,
ज्ञानेश्वरी