तांबडीचा मागचा पाय

अहो,

तांबडी शेळी गोठ्यात दिसली नाही तर घाबरू नका, तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेते आहे. टेम्पो दारात उभा आहे, घाईत लिहितेय, तेव्हा अक्षर कसंबसं लावून घ्या.

तुम्हाला सवड होईना म्हणून शेवटी तिची खुरं मीच कापायला घेतली. पहिलीच वेळ. आधी माती खरवडली, मग आतलं गुलाबी दिसलं की थांबायचं असं स्वतःला बजावत थोडं थोडं कापत गेले. बाकीचे पाय छान झाले. मागच्या डाव्या खुराचं टोक मात्र वाढून पार तळव्याखाली वळलं होतं. ते कापलं आणि आतून पू उडाला, थेट माझ्या तोंडावर! मी किंचाळलेच. त्यामागून बोटाच्या पेराएवढी गंजकी तार निघाली. अहो, तार! ती पायात घेऊन बिचारी पावसाळाभर चालत होती, आणि तुम्ही म्हणायचात, लंगडायचं नाटक करते.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "पाय वाचेल, पण आत्ताच्या आत्ता आणा."

संध्याकाळी खाटीक येईल. त्याला दारातूनच परत पाठवा. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, शेळी विकायची नाही. गोठा कोरडा करून ठेवा. जेवण झाकून ठेवलंय.

आणि आईंना घरात शोधू नका, त्या टेम्पोत पुढे बसल्यात. त्यांचा गुडघा दुखतो तेव्हाही तुम्ही नाटकच म्हणता. आज त्यांना माणसांच्या डॉक्टरला दाखवूनच आणते.