दात न आवळता पाजलं

पळसदरी, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

आज दुधाची बाटली आणायला दादाला कर्जतला धाडणारच होते. स्तनाग्रांना चिरा पडल्यात. छकुली ओढायला लागली की मी पदर दातांत धरून बसते. आई म्हणाली, "दे गं बाटली. तुझे हाल बघवत नाय." मला मेलीला एवढंही जमू नये?

दादा चपला घालत होता, तेवढ्यात वहिनीने माझ्या दातांतला पदर पाहिला. त्याला थांबवून ती माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, पहिल्या पोराच्या वेळी मी पन अशीच रडायची. लाजंनं कुनाला बोलले नाय, आनि पाजायचंच सोडलं. दुसऱ्याच्या वेळी माझ्या मावशीनं दाखवलं." हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"तुमी वाकू नका, तिलाच वर घ्या. तोंड मोठं उघडू दे. नुसतं टोक नको, भोवतीचा काळा भाग बी आत जाऊ दे."

पहिल्यांदा चुकलं. वहिनीने करंगळीने छकुलीची पकड अलगद सोडवली आणि पुन्हा लावायला सांगितलं. कळ आली, पण लगेच ओसरली. मग चक्क तिचे घोट ऐकू आले. पदर खांद्यावरच राहिला. नंतर दुधाचेच थेंब चिरांवर लावून वाऱ्याला वाळू दिले.

उजवीकडे अजून ठणकतंय. पण कालपर्यंत तिच्या रडण्याची धास्ती वाटायची, आणि आत्ता ती कधी उठते याची मी वाट बघते आहे.